दोन दिवसांच्या केंबरामुळे बारमाही पिकणारा उंबर

बऱ्याच दिवसांनी घरी आलेल्या पाहुण्याला आपण ‘उंबराचे फूल झालात की’ असे म्हणतो, आणि कुणाची झाकलेली उणी बाजू उगाच उघडी करू नये हे सांगायचे असेल तर जुनी माणसे ‘उंबर फोडून केंबरे उडवू नयेत’ असे म्हणतात. एकाच झाडाने मराठीला दिलेले हे दोन वाक्प्रचार आहेत. एक कधी न दिसणाऱ्या फुलाबद्दलचा, दुसरा नको असताना दिसणाऱ्या किड्याबद्दलचा. या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असेल असे ते वापरताना आपल्या मनातही येत नाही. पण संबंध आहे, आणि तो इतका घट्ट आहे की केंबरे नसती तर उंबराला रुजणारे बी धरले नसते, आणि उंबर नसता तर त्याच्या केंबराला जन्म घ्यायला जागाच उरली नसती.

वनस्पती आणि त्यांच्यावर जगणारे प्राणी लाखो वर्षांच्या ओघात एकमेकांना घडवत जातात, या प्रक्रियेला सहउत्क्रांती म्हणतात. ती समजून घ्यायला माझ्या मते आपल्याकडे उंबराइतके चांगले उदाहरण दुसरे नाही, कारण ते विहिरीच्या काठावर, ओढ्याच्या कडेला, दत्ताच्या देवळाच्या पारावर, अगदी हाताच्या अंतरावर उभे असते.

उत्क्रांतीचा मूळ हिशेब साधा आहे. एका जातीतले सगळे जीव तंतोतंत सारखे नसतात. त्यांच्यातले काही फरक आईबापांकडून पिल्लांकडे जातात. आणि ज्या फरकांमुळे जगणे व वंश वाढवणे सोपे होते ते फरक पुढच्या पिढ्यांत अधिक दिसू लागतात. उन्हाळा कडक असेल तर पाणी राखून ठेवणारी झाडे टिकतात. मात्र झाड बदलले म्हणून उन्हाळा बदलत नाही. जेव्हा परिस्थिती म्हणजे दुसरा एखादा जीवच असतो, तेव्हा गोष्ट वेगळी होते. झाडात बदल झाला की त्या झाडावर जगणाऱ्या किड्यासमोरची परिस्थिती बदलते, किडा बदलला की झाडासमोरची परिस्थिती पुन्हा बदलते, आणि ही देवाणघेवाण कुठेही येऊन थांबत नाही.

हे उंबराच्या आत कसे घडते, ते पाहण्यासाठी पिकलेला नव्हे, तर खोडाला लगडलेल्या घोसातला हिरवा, बोराएवढा, टणक उंबर घ्यावा आणि धारदार पात्याने मधोमध उभा कापावा. आत गर नसतो, पोकळी असते. त्या पोकळीच्या भिंतीला आतून दाटीवाटीने चिकटलेले जे मऊ, फिकट तंतू दिसतात, तीच उंबराची फुले. एकेका उंबरात ती हजारोंनी असतात. म्हणजे आपण ज्याला फळ म्हणतो तो खरे पाहता फुलांचा एक गुच्छ आहे. मोजा उलटा करावा तसा हा गुच्छ बाहेरून आत उलटला आहे आणि त्याचे तोंड जवळजवळ मिटले आहे. देठाच्या विरुद्ध टोकाला एक बारीक खळगी दिसते. ती एकावर एक बसलेल्या खवल्यांनी बंद केलेली असते. आत जाण्याची वाट म्हणून एवढीच. वारा तिथून शिरत नाही, मधमाशी शिरत नाही, फुलपाखरू तर नाहीच नाही.

त्या वाटेने शिरू शकते ती फक्त केंबराची मादी. लोक उंबरातून उडणाऱ्या सगळ्याच चिलटांना केंबरे म्हणतात, पण मी इथे हा शब्द एकाच जातीसाठी वापरणार आहे. तिचे शास्त्रीय नाव सेराटोसोलेन फ्युसिसेप्स. ती माशी नव्हे. गांधीलमाशा, मधमाशा आणि मुंग्या ज्या मोठ्या गणात मोडतात, त्या गणातली ती आहे, आणि तिची लांबी जेमतेम दोन मिलिमीटर असते. उंबरातली फुले परागासाठी तयार झाली की उंबर एक विशिष्ट गंध सोडू लागतो. आपल्या नाकाला त्यातले फारसे काही कळत नाही, पण केंबर त्याच गंधाचा माग काढत झाडापर्यंत पोहोचते. वडाचा गंध निराळा आणि त्याचा कीटक निराळा, युप्रिस्टिना मेसोनी. पिंपळाचा गंध निराळा आणि त्याचाही कीटक निराळा, प्लॅटिस्कापा क्वाड्रॅटिसेप्स. उंबर, वड, पिंपळ, नांदरूक, अंजीर ही सगळी झाडे फायकस या एकाच प्रजातीतली आहेत. जगात या प्रजातीच्या साडेसातशेहून अधिक जाती आहेत आणि त्या सगळ्या परागणासाठी याच एका कीटककुळावर अवलंबून आहेत.

खळगीतून आत शिरणे सोपे नसते. मादीचे डोके चपटे, पाचरीसारखे असते आणि जबड्याखाली मागे वळलेल्या दातऱ्यांची पट्टी असते, त्यामुळे ती पुढे सरकते, पण मागे घसरत नाही. खवले इतके घट्ट असतात की त्यांच्यातून जाताना तिचे पंख मोडून पडतात आणि मिशांची टोकेही तुटतात. याचा अर्थ तिला आता दुसऱ्या झाडावर जाता येणार नाही. भिंगाने पाहिले तर उंबराच्या तोंडाशी खवल्यांत अडकलेले ते पारदर्शक पंख कधी कधी दिसतात. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा बराच वेळ भिंग खाली ठेवू शकलो नव्हतो.

आत अंधार असतो आणि मादीपुढे दोन कामे असतात. पहिले काम अंडी घालण्याचे. प्रत्येक फुलाच्या बीजांडापर्यंत एक नळी जाते. काही फुलांची नळी आखूड असते, काहींची लांब. मादी आपली अंडी घालण्याची नळी त्या फुलाच्या नळीतून खाली सरकवते आणि बीजांडात एक अंडे ठेवते. ज्या फुलात अंडे पडले, तिथे बी होत नाही. त्याची फुगीर गाठ होते आणि त्या गाठीत अळी वाढते. दुसरे काम परागांचे, आणि इथेच सहउत्क्रांतीची खरी करामत दिसते. मादीच्या छातीवर दोन बारीक खिसे असतात. जिथे ती जन्मली त्या उंबरातून निघताना तिने पुंकेसरांतले पराग पुढच्या पायांनी या खिशांत भरून घेतलेले असतात. आता ती तेच पराग काढून फुलांच्या टोकांवर ठेवते. अंगाला चुकून चिकटलेली पूड चुकून झडावी, तसे हे नाही. हे ठरलेल्या क्रमाने होणारे काम आहे, आणि त्या कामासाठी तिच्या शरीरात खिसे आणि पायांवर कंगवे घडले आहेत. झाडाच्या बाजूनेही त्याला उत्तर आहे. जिथे कीटक असे मुद्दाम परागण करतो, त्या जातींत पुंकेसर थोडे असतात, कारण उधळपट्टीची गरज राहिलेली नसते. आणि जिथे पराग नुसतेच अंगाला लागून जातात, त्या जातींची झाडे पुष्कळ अधिक पराग तयार करतात. किड्याच्या सवयीचा हिशेब झाडाच्या फुलांत असा दिसतो.

कामे संपली की मादी आतच मरते. त्यानंतर साधारण महिनाभर बाहेरून काहीच घडताना दिसत नाही. आत एकीकडे बिया भरत असतात आणि दुसरीकडे गाठींतून अळ्या वाढत असतात. नर आधी बाहेर येतात. त्यांना पंख नसतात आणि डोळे असून नसल्यासारखे असतात, कारण त्यांना बाहेरचे जग पाहायचेच नसते. ते माद्यांच्या गाठी शोधून त्यांना भोक पाडतात, माद्या गाठीत असतानाच मीलन होते, आणि मग नर मिळून उंबराच्या भिंतीला बोगदा पाडतात. याच सुमारास आतले पुंकेसर उमलतात. याही योगायोगामागे लाखो वर्षे आहेत: पुंकेसर आधी उमलले असते तर पराग वाया गेले असते आणि उशिरा उमलले असते तर माद्या रित्या खिशांनी निघून गेल्या असत्या. माद्या खिसे भरतात आणि नरांनी केलेल्या वाटेने बाहेर पडतात. त्या वाटेच्या तोंडाशी अनेकदा मुंग्या टपून बसलेल्या असतात, आणि बाहेर घरंगळलेले नर बहुधा त्यांच्याच तोंडी जातात.

एवढे झाल्यावर उंबर मऊ होतो, लाल होतो, गोड होतो. त्यामुळे पिकलेल्या उंबरात जे दिसते ते बहुतेक उरलेसुरले असते: रिकाम्या गाठी, मेलेले नर, आणि त्याच भोकातून नंतर शिरलेले भुंगेरे आणि चिलटे. परागण करणारी केंबरे तोपर्यंत निघून गेलेली असतात. लहानपणी मळ्यातल्या विहिरीवर उंबर फोडून मी त्यात पाहत बसलो की आजी म्हणायची, ‘बघत बसू नकोस, फुंकर मार आणि खाऊन टाक.’ तिचे खरे होते. मी पाहत होतो ते घर रिकामे झालेले होते.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न असा, की ही भागीदारी टिकते कशी. केंबराला झाडाबद्दल माया नाही आणि झाडाला केंबराबद्दल नाही. ज्या मादीने परागांच्या खटपटीत वेळ न घालवता सगळा वेळ अंडी घालण्यात घालवला, तिची पिल्ले अधिक व्हायला हवीत. मग पिढ्यानपिढ्या अशा कामचुकार माद्याच वाढून ही व्यवस्था मोडून का पडली नाही? पनामात के. शार्लट जांदेर आणि एडवर्ड ॲलन हेरे यांनी हे प्रयोगाने तपासले आणि २०१० मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी काही माद्यांना परागांविना वाढवून फळांत सोडले. ज्या जातींत कीटक मुद्दाम परागण करतो त्या जातींत असे आढळले, की पराग न मिळालेली फळे झाड गाळून टाकते, किंवा ती झाडावर राहिली तरी त्यांतून पिल्ले कमी निघतात. गळालेल्या फळाबरोबर आतल्या सगळ्या अळ्या मरतात. ज्या जातींत ही शिक्षा कडक असते, तिथे परागांविना फिरणाऱ्या माद्या विरळ असतात, आणि ती ढिली असते तिथे त्या अधिक सापडतात. झाडाला यातले काही कळत असते असे समजण्याचे कारण नाही. बी न धरणाऱ्या फळावर अन्न खर्च न करणारी झाडे अधिक वंश मागे ठेवून गेली, इतकेच.

उलट बाजूचाही प्रश्न आहेच. केंबराच्या माद्या उंबरातल्या सगळ्याच फुलांत अंडी का घालत नाहीत? तशी घातली तर बी एकही उरणार नाही. यावर बरीच वर्षे वेगवेगळी उत्तरे दिली गेली, आणि त्यांतले मला सर्वांत विचार करायला लावणारे उत्तर शत्रूंशी निगडित आहे. उंबरावर केंबराखेरीज आणखीही बारीक गांधीलमाशा येतात. त्या आत शिरतच नाहीत. बाहेर बसून, केसाएवढी बारीक आणि शरीरापेक्षा लांब नळी उंबराच्या भिंतीत घुसवून त्या आतल्या गाठींपर्यंत पोहोचतात. काही स्वतःच्या गाठी करतात, काहींच्या अळ्या केंबरांच्या अळ्यांवर जगतात. पराग कुणीच आणत नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत लक्ष्मीनाथ कुंदनाटी आणि नम्रता गुंडैया यांनी यांतल्या एका जातीची, ॲपोक्रिप्टा वेस्टवुडीची, ही नळी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली तेव्हा तिच्या टोकाला दाते आढळले आणि त्या दात्यांत जस्त भरलेले आढळले. कठीण कच्चे उंबर भेदण्यासाठी केसाच्या टोकाला धातूची धार. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. उंबराची भिंत हे एका बाजूने संरक्षण, तर जस्ताची धार हे त्यावरचे उत्तर.

या चोरांचा आणि वरच्या प्रश्नाचा संबंध ऑस्ट्रेलियातल्या फायकसच्या एका जातीवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुढे आला. बाहेरून घुसवलेली नळी भिंतीलगतच्या गाठींपर्यंत सहज पोहोचते, पण पोकळीच्या मध्याकडे असलेल्या गाठींपर्यंत तिची पोच कमी पडते. म्हणून भिंतीलगतच्या बीजांडांत घातलेली अंडी बहुधा शत्रूच्या तोंडी जातात आणि मध्याकडची वाचतात. पिढ्यानपिढ्या असे होत गेल्यावर मध्याकडची, आखूड नळीची फुले निवडणाऱ्या माद्यांचाच वंश वाढला, आणि भिंतीलगतची फुले बियांसाठी मोकळी राहिली. दोघांच्या भागीदारीत तिसऱ्याने चोरी करावी, आणि त्या चोरीमुळेच भागीदारांपैकी एकाला सगळे गिळता येऊ नये, हे मला प्रथम वाचले तेव्हा खरे वाटले नव्हते. सहउत्क्रांती दोघांचीच असते असे समजणे किती अपुरे आहे, हे यातून कळते. शिवाय उंबरात सूत्रकृमी म्हणजे दोऱ्यासारखे सूक्ष्म जंतही असतात, आणि ते केंबरांच्याच अंगावर बसून एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. रेने बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळुरूच्या त्याच संस्थेत या उंबरातल्या वस्तीचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे.

आता शीर्षकातल्या गोष्टीकडे येतो. बाहेर पडलेली मादी काही खात नाही आणि एक-दोन दिवसच जगते. तेवढ्यात तिला असा उंबर सापडायला हवा, ज्यातली फुले नेमकी त्याच दिवसांत परागासाठी तयार आहेत. ती जिथे जन्मली त्या झाडावर असा उंबर बहुधा नसतो, कारण एका झाडावरचे उंबर साधारण एकाच वेळी एकाच टप्प्यात असतात. मग दुसरे झाड हवे, आणि ते वेगळ्या टप्प्यावर असलेले हवे. गावातले सगळे उंबर आंब्यासारखे एकाच मोसमात फुलले असते, तर त्या मोसमात निघालेल्या केंबरांना पुढचे घर मिळाले नसते आणि त्या परिसरातला त्यांचा वंश एका फटक्यात संपला असता. म्हणून प्रत्येक झाडाचे वेळापत्रक निराळे असते आणि वर्षाच्या बाराही महिन्यांत परिसरातले कुठले ना कुठले झाड लगडलेले असते. आपण उंबराला बारमाही म्हणतो, ते या अर्थाने. दोन दिवस जगणाऱ्या किड्याची गरज शेकडो वर्षे जगू शकणाऱ्या या झाडांच्या कुळाचे पंचांग ठरवते.

त्या पंचांगावर मग इतर सगळे जगतात. उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा जंगलात दुसरे फळ नसते अशा दिवसांत वड, पिंपळ आणि उंबर पिकलेले असतात. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल यांच्यावर थव्याने उतरतो. धनेश, तांबट, बुलबुल, कोकीळ येतात. रात्री वटवाघळे आणि उदमांजरे येतात. भीमाशंकरच्या रानातले शेकरूही उंबर खाते. जगभरातल्या नोंदी एकत्र करणाऱ्या २००१ सालच्या एका आढाव्यात, फायकसची फळे खाणाऱ्या पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या बाराशेहून अधिक जाती भरल्या. १८८३ च्या स्फोटात इंडोनेशियातले क्राकाताऊ बेट भाजून निघाले. त्यानंतर तिथे पुन्हा जंगल उभे राहिले त्यात फायकसच्या अनेक जाती होत्या. त्यांच्या बिया पक्ष्यांनी आणि वटवाघळांनी समुद्र ओलांडून आणल्या, आणि त्या झाडांना फळे धरली ती सुमारे चाळीस किलोमीटरच्या समुद्रावरून वाऱ्याने आलेल्या कीटकांमुळे.

दोन मिलिमीटरचा कीटक इतक्या दूर जातो, हे ऐकून विश्वास बसत नाही, पण तो पंखांच्या जोरावर जात नाही. तो झाडांच्या शेंड्यांवर उंच उडतो, वाऱ्याला अंग देतो आणि ओळखीचा गंध आला की खाली उतरतो. नामिबियाच्या वाळवंटात उंबराच्याच जवळच्या नात्यातल्या एका जातीच्या विखुरलेल्या झाडांचा वंशतपास करून, तिचे पराग १६० किलोमीटरपर्यंत नेले गेल्याचे २००९ मध्ये दाखवण्यात आले.

हा करार किती जुना आहे? इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट या बेटावर १९२०च्या दशकात सापडलेला एक कीटकाश्म मुंगीचा म्हणून नोंदवून संग्रहालयात ठेवला गेला होता. २०१० साली तो पुन्हा तपासला तेव्हा ते ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचे केंबरकुळातले मादी-कीटक निघाले, आणि तिच्या अंगाखाली परागांचे खिसेही ओळखता आले. आजची मादी शेजारी ठेवली तर फारसा फरक दिसत नाही. जनुकांच्या तुलनेवरून या नात्याचा उगम त्याहूनही मागे, साधारण साडेसात कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो. मात्र एका झाडाला एकच कीटक, हा नियम समजतो तितका कडक नाही. जनुके तपासल्यावर अनेक झाडांवर एकाहून अधिक परागण करणाऱ्या जाती सापडल्या आहेत आणि काही कीटकांनी गेल्या काळात झाडे बदललेलीही दिसतात.

इथे अंजिराबद्दल थोडे सांगतो, कारण हा विषय निघाला की लोक हमखास विचारतात. अंजिराची झाडे दोन प्रकारची असतात. एका प्रकारात कीटक वाढतात, दुसऱ्या प्रकारात फक्त बिया धरतात. स्मर्ना जातीच्या अंजिराला कीटक लागतोच. एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात ही झाडे लावली तेव्हा फळे न पिकताच गळत राहिली, आणि १८९९ मध्ये फ्रेझ्नोजवळ तो कीटक आणून वसवल्यावरच फळ टिकू लागले. आपल्या पुरंदरच्या अंजिराला मात्र परागांशिवायच फळ धरते. सासवड-दिवे भागातले शेतकरी खट्टा आणि मीठा असे दोन बहार घेतात ते कीटकावाचून, आणि त्या अंजिरात किडा असण्याची शंका धरण्याचे कारण नाही.

उंबराच्या उदाहरणावरून सहउत्क्रांती म्हणजे मैत्रीच, असा समज होऊ नये म्हणून माळावरच्या रुईकडेही पाहायला हवे. १९६४ मध्ये पॉल एर्लिक आणि पीटर रेव्हन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी, कुठल्या फुलपाखरांच्या अळ्या कुठली झाडे खातात, याची छाननी करून असे मांडले, की झाडांतली विषे आणि ती पचवण्याची अळ्यांची ताकद यांनी एकमेकांना वाढवत नेले असावे. सहउत्क्रांती हा शब्द रूढ झाला तो मुख्यतः त्यानंतर. रुईचा चीक हृदयाला घातक असतो. आपल्या पेशींत सोडियम आणि पोटॅशियमची ये-जा करणारा एक पंप असतो, आणि चिकातले विष त्यालाच अडकवून बंद पाडते. तरीही प्लेन टायगर फुलपाखराच्या काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या रुईची पाने खुशाल खातात. त्याचे अमेरिकेतले भाऊबंद असलेल्या मोनार्कमध्ये या पंपाच्या रचनेत मोजके बदल झालेले आहेत, आणि २०१९ मध्ये असे तीन बदल फळमाशीत घडवून आणल्यावर ती फळमाशीही ते विष सहन करू लागली. अळी विष अंगात साठवते, त्यामुळे फुलपाखरू कडू होते, पक्षी एकदा चाखून त्याला ओळखतात, आणि मग ‘डॅनाइड एगफ्लाय’ नावाच्या दुसऱ्याच एका फुलपाखराची मादी, स्वतः कडू नसताना, प्लेन टायगरचे रंग धारण करून वाचते. झाडाची बाजू अधिक लक्षवेधी आहे. रुईच्या अमेरिकेतल्या नातलगांची वंशावळ लावून पाहिल्यावर असे दिसले, की काळाच्या ओघात त्यांतल्या अनेक जातींनी विष आणि चीक वाढवण्याऐवजी कमीच केला आहे आणि खाल्लेला भाग पुन्हा फुटवण्याची ताकद वाढवली आहे. जो शत्रू विषाला दाद देत नाही, त्याच्यासाठी विष बनवण्यात खर्च करून उपयोग नाही.

मात्र दोन जीवांची जोडी चपखल बसलेली दिसली की लगेच सहउत्क्रांती म्हणू नये, असा इशारा अमेरिकी जीवशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झेन यांनी १९८० मध्ये दिला होता, आणि तो आजही लक्षात ठेवण्यासारखा आहे. दोन्ही बाजू एकमेकींमुळे बदलल्या असे दाखवता आले, तरच तो शब्द वापरावा. उंबर आणि केंबर या कसोटीला उतरतात. उंबर आणि हरियाल तसे उतरत नाहीत. फळ मऊ, रंगीत आणि लहान बियांचे असणे हे पक्षी, वटवाघळे, खारी अशा शेकडो खाणाऱ्यांच्या सरासरी दाबाने घडले असेल. त्यात एकट्या हरियालाचा वाटा वेगळा काढता येत नाही.

इतके जुने नाते असले तरी ते किती नाजूक धाग्यावर आहे, हे बोर्निओतल्या लांबिर हिल्स राष्ट्रीय उद्यानात दिसले. १९९८ च्या आरंभी एल निनोमुळे तिथे कडक दुष्काळ पडला, तेव्हा नर आणि मादी झाडे वेगवेगळी असणाऱ्या फायकसच्या अनेक जातींनी नवी फळे धरली नाहीत. झाडे मेली नाहीत. पण फळांतला खंड काही आठवड्यांचा पडला आणि दोन दिवसांच्या आयुष्याला तो पुरेसा होता. त्या जातींचे कीटक तिथून नाहीसे झाले, आणि पाऊस परतल्यावर आलेली फळे परागांविना राहिली. सिंगापुरातल्या कीटकांवर २०१३ मध्ये झालेल्या प्रयोगात, तापमान आजच्यापेक्षा थोड्या अंशांनी वाढवले तरी त्यांचे आधीच तुटपुंजे आयुष्य आणखी घटते असे आढळले.

म्हणून रस्ता रुंद करताना ओढ्याकाठचे चार उंबर तोडले आणि ‘पुढच्या गावात आहेत की’ असे म्हटले, तर मला त्या पुढच्या गावातल्या उंबरांची संख्या विचारावीशी वाटते. केंबरांचा वंश एका परिसरात चालू राहायचा तर वेगवेगळ्या टप्प्यांवरची झाडे पुरेशी हवीत. दोन-चार उरली, तर कधीतरी असा आठवडा येणारच, ज्यात एकाही झाडावर उघडे घर नसेल. वाऱ्याने दुरून येणारी केंबरे तो खंड भरून काढू शकतात, पण त्या दूरच्या ठिकाणीही झाडे असायला हवीत.

आमच्या विहिरीवरचा उंबर अजून आहे. गेल्या आठवड्यात गेलो तेव्हा फांद्यांवर पिकलेला एकही नव्हता, बुलबुलही नव्हते, आणि खोडाच्या खालच्या बाजूला नवे घोस आले होते, हिरवे आणि टणक. एक तोडून कापला. आत फुले ताजी होती, पोकळी स्वच्छ होती, आणि तोंडाच्या खवल्यांत दोन पंख अडकले होते.